स्टेनलेस स्टील: भट्टी खाणीकडे का सरकली?

लोहमार्गी (धागाकर्ता)

स्टेनलेस स्टीलच्या जागतिक उत्पादनाचा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध होतो आणि त्यावरची चर्चा दरवर्षी "कोणत्या देशाचा वाटा किती" या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. तो तक्ता असा का दिसू लागला, याबद्दल माझे काही म्हणणे आहे. ते तपासून घेण्यासाठी हा धागा काढला आहे.

आधी आकडे. वर्ल्डस्टेनलेस या ब्रसेल्सस्थित संघटनेच्या नोंदींनुसार २०१९ मध्ये जगात ५.२२ कोटी टन स्टेनलेस स्टील वितळवले गेले. साथीच्या २०२० या वर्षात ते ५.०९ कोटींवर उतरले, २०२१ मध्ये ५.८ कोटींच्या वर उसळले, २०२२ मध्ये पुन्हा साडेपाच कोटींच्या आसपास आले आणि त्यानंतर २०२३ मध्ये ५.८४ कोटी व २०२४ मध्ये ६.२६ कोटी असे चढत गेले. १९८० साली हेच उत्पादन सत्तर लाख टनांच्या घरात होते. म्हणजे चव्वेचाळीस वर्षांत ते जवळजवळ नऊपट झाले. याच काळात एकूण पोलादाचे उत्पादन अडीच पटींहून थोडेच अधिक वाढले आणि ॲल्युमिनियमचे पाचपटीच्या आतच राहिले. एवढे होऊनही एकूण पोलादात स्टेनलेसचा हिस्सा वजनाने साडेतीन टक्क्यांच्याही खालीच आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

आता देशांकडे वळू. २००१ मध्ये चीनचे उत्पादन दहा लाख टनांपेक्षाही कमी होते. २००६ मध्ये त्याने जपानला मागे टाकले, आणि २०२४ मध्ये तेथील उत्पादन सुमारे ३.९४ कोटी टनांवर पोहोचले, म्हणजे जगातील दर आठ टनांपैकी पाच टन. याचे नेहमी दिले जाणारे कारण म्हणजे स्वस्त मजुरी आणि मोठी देशांतर्गत बाजारपेठ. बाजारपेठेचे कारण मला मान्य आहे. मजुरीचे मात्र पटत नाही, कारण या मालाच्या खर्चात मजुरी हा लहान भाग असतो. सर्वांत जड ओझे कच्च्या मालाचे, आणि त्यातही निकेलचे असते. म्हणून माझ्या मते गेल्या वीस वर्षांची कथा ही निकेल कोणत्या रूपात भट्टीत येते याची कथा आहे.

थोडे मागे जाऊन पहिले वळण पाहू. वितळलेल्या धातूतील कार्बन काढण्यासाठी प्राणवायू फुंकला की कार्बनबरोबर क्रोमियमही जळून मळीत (स्लॅगमध्ये) जात असे, त्यामुळे सुरुवातीपासूनच कमी कार्बनचे, अत्यंत महाग फेरोक्रोम (क्रोमियम आणि लोखंडाचा मिश्रधातू) वापरावे लागे. प्राणवायूबरोबर आर्गॉन मिसळला की कार्बन मोनॉक्साइडचा आंशिक दाब कमी होतो आणि क्रोमियम शाबूत राखून कार्बन काढता येतो. यावर आधारलेली एओडी (आर्गॉन-ऑक्सिजन डिकार्ब्युरायझेशन) प्रक्रिया युनियन कार्बाइडमध्ये १९५४ साली शोधली गेली आणि अमेरिकेतील फोर्ट वेन येथील जॉसलिनच्या कारखान्यात १९६८ मध्ये प्रथम व्यापारी पातळीवर वापरात आली. तेव्हापासून भंगार, जास्त कार्बनचे स्वस्त फेरोक्रोम आणि थोडे शुद्ध निकेल एवढ्या सामग्रीवर उत्तम स्टेनलेस बनू लागले. भंगार जिथे साठते तिथे, म्हणजेच जुन्या औद्योगिक प्रदेशांत आणि गिऱ्हाइकाच्या शेजारी, भट्टी असणे फायद्याचे ठरले.

दुसरे वळण २००५ च्या सुमारास आले. निकेलचा भाव चढत चढत मे २००७ मध्ये टनामागे ५०,००० डॉलरच्या पलीकडे गेला. त्या काळात चिनी कारखानदारांनी इंडोनेशिया आणि फिलिपिन्समधील लॅटराइट ही निकेलयुक्त माती जुन्या झोतभट्ट्यांत टाकून निकेल पिग आयर्न, म्हणजे ज्याला सगळे एनपीआय म्हणतात ते, बनवायला सुरुवात केली. पुढे झोतभट्टीची जागा फिरती भाजणभट्टी आणि विद्युतभट्टी यांच्या जोडीने घेतली. एनपीआयमध्ये निकेल चार ते पंधरा टक्के असते आणि बाकीचे बहुतांश लोखंडच असते. शुद्ध निकेल बनवणाऱ्याच्या दृष्टीने हे लोखंड म्हणजे कचरा होता. स्टेनलेसवाल्याला मात्र ते हवेच होते.

हिशोब करून पाहा. एक टन ३०४ या प्रचलित प्रतीच्या (ग्रेडच्या) स्टेनलेसमध्ये १८० किलो क्रोमियम आणि ८० किलो निकेल हवे असे धरू. बारा टक्क्यांचे एनपीआय घेतले तर ते ६६७ किलो लागेल, आणि पंचावन्न टक्क्यांचे फेरोक्रोम ३२७ किलो. बेरीज ९९४ किलो होते. लोखंड वेगळे आणावेच लागत नाही. याउलट शुद्ध निकेल वापरले तर ८० अधिक ३२७ म्हणजे ४०७ किलो होतात आणि उरलेले जवळपास ६०० किलो भंगारातून किंवा अन्य लोखंडातून भरून काढावे लागतात. ज्या देशात स्टेनलेसचा वापरच नवा होता, तिथे जुने भंगार येणार कुठून? ही अडचण एनपीआयने एका फटक्यात दूर केली.

तिसरे वळण इंडोनेशियाने आणले. जानेवारी २०१४ मध्ये त्या देशाने कच्च्या निकेल खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली, २०१७ मध्ये ती काही प्रमाणात सैल केली आणि जानेवारी २०२० पासून पुन्हा पूर्णपणे लागू केली. सुलावेसी बेटावरील मोरोवाली येथे त्सिंगशान या चिनी समूहाने एनपीआयच्या शेजारीच स्टेनलेसची भट्टी उभारली. तिथे २०१७ पासून स्टेनलेस बाहेर पडू लागले. एनपीआय थंड करून, ओतून, पुन्हा वितळवण्याऐवजी ते वितळलेल्या अवस्थेतच पुढच्या भट्टीत नेता येते, ही बचत एनपीआय बाहेरून विकत आणणाऱ्या कारखान्याला शक्य नाही.

म्हणून माझे प्रतिपादन असे की भंगाराच्या युगात भट्टी गिऱ्हाइकाजवळ होती आणि एनपीआयच्या युगात ती खाणीजवळ गेली. तसे असेल तर "अमुक देश इतके टन बनवतो" या वाक्यावरून त्या देशाच्या वापराविषयी किंवा कौशल्याविषयी फारसे काही कळत नाही. जाणकारांनी खोडून काढावे.

गजवेल

धागा आवडला. खोडून काढायचे नाही, पण दोन दुरुस्त्या कराव्या लागतील.

पहिली आपल्या ९९४ किलोंच्या हिशोबाची. कागदावर तो चोख बसतो, भट्टीत बसत नाही. एनपीआय आणि फेरोक्रोम या दोहोंत कार्बन व सिलिकॉन असतात. ते जळून जातात, म्हणजे तेवढे वजन घटते. शिवाय ते जळताना इतकी उष्णता निर्माण होते की द्रव धातू थंड ठेवण्यासाठी त्यात काहीतरी थंड टाकावेच लागते, आणि त्यासाठी भंगाराइतके सोयीचे काही नसते. फॉस्फरसची अडचण याहून बिकट आहे. साध्या पोलादातून फॉस्फरस काढता येतो, परंतु स्टेनलेसमध्ये तो काढायला जावे तर आधी क्रोमियमच ऑक्सिडीकृत होते. त्यामुळे कच्च्या मालात आलेला फॉस्फरस बहुतांशी तसाच अंतिम मालात उतरतो, आणि तो विरळ करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे स्वच्छ भंगार किंवा अन्य स्वच्छ लोखंड मिसळणे. म्हणून एनपीआयवर चालणाऱ्या कारखान्यांतही भंगाराचा वापर शून्यावर जात नाही.

दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची वाटते. "भट्टी खाणीकडे सरकली" हे निकेलपुरते खरे आहे. क्रोमियमच्या बाबतीत उलट घडले. जगातील क्रोमाइटच्या (क्रोमियमच्या खनिजाच्या) साठ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक दक्षिण आफ्रिकेत, मुख्यतः बुशवेल्ड संकुलात आहेत. फेरोक्रोमची सर्वांत मोठी उत्पादकही तीच होती. मग २०१२ मध्ये चीनने तिला मागे टाकले, आणि तेही बहुतांशी दक्षिण आफ्रिकेचेच खनिज आयात करून. एक टन फेरोक्रोमला साधारण साडेतीन ते चार हजार युनिट वीज लागते. तेथील वीज महागली, पुरवठा अनियमित झाला आणि प्रगालक (खनिजापासून धातू वितळवून काढणाऱ्या भट्ट्या) एकामागून एक बंद पडत गेले. तिथे भट्टी खाण सोडून विजेच्या मागे गेली.

दोन्हींत फरक का पडला, याचे उत्तर खनिजाच्या प्रतीत आहे. क्रोमाइटच्या व्यापारी सांद्रात चाळीस टक्क्यांच्या आसपास क्रोमियम ऑक्साइड असते, म्हणून ते जहाजाने दूर नेणे परवडते. लॅटराइटमध्ये निकेल दीड-दोन टक्के असते. उरलेली माती वाहून नेण्याचे भाडे कोण देणार?

दोन्ही अंगांनी आपल्या सूत्राला पुष्टी देणारे जुने उदाहरणही आहे. फिनलंडमधील केमी येथे युरोपीय संघातील एकमेव क्रोमाइट खाण आहे आणि आउटोकुम्पू या कंपनीचा टोर्नियो येथील कारखाना तिच्याच जवळ उभा आहे. तिथे फेरोक्रोम आणि स्टेनलेस एकाच आवारात बनतात. म्हणजे मोरोवालीची कल्पना अगदी नवी आहे असे नाही.

जुना खलाशी

गजवेल यांनी भाड्याचा उल्लेख केला, त्यात माझ्या क्षेत्रातली भर घालतो.

लॅटराइटमध्ये पाण्याचा अंश तीस ते पस्तीस टक्के असू शकतो. कोरड्या मातीत निकेल १.८ टक्के धरले तर ८० किलो निकेलसाठी, वाया काही गेले नाही असे मानले तरीही, सुमारे साडेचार टन कोरडी आणि साडेसहा टन ओली माती लागते. म्हणजे एक टन स्टेनलेससाठी एक तर साडेसहा टन चिखल समुद्रापार न्यायचा, किंवा दोन तृतीयांश टन एनपीआय न्यायचे, किंवा सरळ एक टन तयार कॉइल (पत्र्याची गुंडाळी) न्यायची.

या चिखलाची किंमत केवळ भाड्यात मोजली गेलेली नाही. ओला लॅटराइट जहाजाच्या हादऱ्यांनी अचानक द्रवासारखा वागू लागतो, एका बाजूला सरकतो आणि जहाज काही मिनिटांत कलंडते. २०१० च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात इंडोनेशियातून चीनकडे निघालेली जियान फू स्टार, नॅस्को डायमंड आणि हाँग वेई ही तीन जहाजे अशा प्रकारे बुडाली आणि ४४ खलाशी गेले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये व्हिनालाइन्स क्वीन बुडाले, त्यावरील २३ जणांपैकी एकच वाचला. स्टेनलेसच्या तेजीवर लिहिणारे लोक भावाचा आलेख दाखवतात. त्या आलेखाच्या तळाशी ही जहाजेही आहेत, एवढेच नमूद करतो.

लोहमार्गी

हे मला ठाऊक नव्हते. किनाऱ्यावरची बाजूही सुरक्षित आहे असे नाही. मोरोवाली येथेच २४ डिसेंबर २०२३ रोजी निकेलच्या प्रगालकात झालेल्या स्फोटाने २१ कामगारांचा बळी घेतला.

गजवेल यांच्या दोन्ही दुरुस्त्या मान्य. शीर्षकात "निकेलची भट्टी" असे म्हणायला हवे होते.

आकडेमोड

धागाकर्त्याच्या शेवटच्या परिच्छेदावर लिहितो, कारण "देशनिहाय वापर" हा शब्दप्रयोग फार सैलपणे केला जातो.

सर्वसाधारणपणे ज्याला वापर म्हटले जाते तो दृश्य वापर असतो: देशातील उत्पादन, अधिक आयात, वजा निर्यात. या सूत्रात तीन भोके आहेत. पहिले, साठा वाढला की कमी झाला हे त्यात दिसत नाही. निकेलचा भाव चढणार अशी हवा असली की वितरक गोदामे भरतात आणि दृश्य वापर फुगतो. भाव उतरू लागला की तेच लोक खरेदी थांबवतात आणि वापर कोसळल्याचे भासते. प्रत्यक्ष पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या कारखान्यात मात्र त्या दोन्ही काळांत फारसा फरक पडलेला नसतो. २०२१ ची उसळी आणि २०२२ ची घसरण यांचा काही भाग मी याच खात्यात टाकेन.

दुसरे भोक अर्धसिद्ध मालाचे आहे. वर्ल्डस्टेनलेसचा आकडा हा वितळलेल्या धातूचा आहे. एका देशात ओतलेला स्लॅब (जाड लादी) दुसऱ्या देशात गरम लाटला जातो, तिसऱ्या देशात थंड लाटला जातो आणि चौथ्या देशात त्याची नळी होते. या प्रत्येक सीमेवर निर्यातीची नोंद होते. त्यामुळे सर्व देशांची निर्यात बेरजेला घेऊन "उत्पादनापैकी इतके टक्के माल व्यापारात आहे" असे सांगणारे लोक तोच टन दोनदा-तीनदा मोजत असतात. इंडोनेशियातून बाहेर पडणाऱ्या मालात स्लॅब आणि काळ्या कॉइलचे प्रमाण मोठे असते, आणि त्यातला बराच माल चीनमध्येच जाऊन पुढे लाटला जातो.

तिसरे भोक सर्वांत मोठे, आणि ते बुजवणे सर्वांत कठीण. तयार वस्तूंच्या पोटात गेलेले स्टेनलेस. धुलाई यंत्राचा ड्रम, पंप, भांडी, स्क्रू आणि बोल्ट यांच्या रूपाने जे टन देशाबाहेर जातात ते धातूच्या निर्यातीत मोजलेच जात नाहीत. दरडोई दृश्य वापराच्या यादीत तैवान आणि दक्षिण कोरिया यांची नावे इतकी वर दिसतात ती तेथील लोक इतरांच्या कित्येक पट स्टेनलेस घरात ठेवतात म्हणून नव्हे. तेथील कारखाने ते घडवून जगाला विकतात म्हणून. चीनच्या दृश्य वापराचाही मोठा भाग असाच परदेशी घरांत संपतो.

तेव्हा धागाकर्त्याच्या निष्कर्षात मी एवढीच भर घालेन की तक्त्यातील उत्पादन निकेलच्या मागे गेले असेल, तर वापर घडाईच्या मागे गेला आहे, आणि अंतिम उपभोक्ता या दोन्ही रकान्यांत कुठेच दिसत नाही.

नवशिका

उत्कृष्ट चर्चा. एक प्रश्न विचारतो. इतका माल सीमा ओलांडतो तर आयात शुल्काने तो अडवला जात नाही का?

तोलनाका

अडवण्याचा प्रयत्न सतत होतो. माल वाट बदलतो.

युरोपीय संघाने २०१५ मध्ये चीन आणि तैवानच्या थंड लाटलेल्या पत्र्यावर अँटी-डम्पिंग शुल्क (पडेल भावाच्या आयातीविरुद्धचे शुल्क) लावले. पुढे गरम लाटलेल्या मालासाठी २०२० मध्ये चीन, तैवान आणि इंडोनेशियावर लावले. २०२१ मध्ये भारत आणि इंडोनेशियाच्या थंड लाटलेल्या पत्र्याची पाळी आली. मार्च २०२२ मध्ये त्याच दोन देशांवर अनुदानाची भरपाई करणारे शुल्कही बसले, आणि तो निर्णय नियमशास्त्राच्या दृष्टीने विशेष आहे: इंडोनेशियातील कारखान्यांना चीनकडून मिळालेला पैसा हा इंडोनेशिया सरकारनेच दिलेल्या अनुदानासारखा धरला गेला. सरकारी मदत ही आपल्याच हद्दीत दिली जाते, हे जुने गृहीतक त्यात बाजूला ठेवले गेले. २०२४ मध्ये इंडोनेशियाचा गरम लाटलेला माल तुर्कस्तानमार्गे येतो असे ठरवून शुल्काची व्याप्ती तिथवर वाढवण्यात आली.

अमेरिकेचा मार्ग वेगळा आहे. मार्च २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन पोलादावर २५ टक्के शुल्क आले, आणि जून २०२५ मध्ये ते ५० टक्क्यांवर गेले. त्यात स्टेनलेसही आले.

आकडेमोड यांनी सांगितलेली चार देशांची साखळी लक्षात घेता, मालाचे मूळ कोणते मानायचे हाच आता खरा वाद आहे. शेवटची मोठी प्रक्रिया जिथे झाली तो मूळ देश, ही जुनी कसोटी. नवी कसोटी धातू प्रथम कुठे वितळला आणि ओतला गेला ही आहे. अमेरिकेने ती मेक्सिकोमार्गे येणाऱ्या पोलादासाठी २०२४ मध्ये लावली, आणि युरोपीय आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातही ती आहे. त्या प्रस्तावानुसार शुल्कमुक्त कोटा ४७ टक्क्यांनी घटतो आणि कोट्याबाहेरील मालावर ५० टक्के शुल्क बसते. वितळण्याचे ठिकाण ही कसोटी सर्वत्र रूढ झाली, तर धागाकर्त्याने निरुपयोगी ठरवलेला तो तक्ताच उद्या सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होईल!

खनिज बंदीचा खटलाही सांगायला हवा. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत इंडोनेशियाविरुद्ध तक्रार केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये निवाडा इंडोनेशियाविरुद्ध गेला. इंडोनेशियाने अपील केले. अपील ऐकणारे मंडळ सदस्यांअभावी डिसेंबर २०१९ पासून कामच करू शकत नाही, म्हणून ते प्रकरण तिथेच लटकले आणि बंदी चालू राहिली.

भंगारशोधक

तोलनाका यांनी कार्बन शुल्काचा उल्लेख केला नाही. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन यंत्रणेचा नोंदणीपुरता टप्पा १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला आणि प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून आहे. भंगारावर बनलेले स्टेनलेस आणि एनपीआयवर बनलेले स्टेनलेस यांच्या टनामागील कार्बन उत्सर्जनात कित्येक पटींचा फरक पडतो, म्हणून अनेकांचा समज असा आहे की आता मोरोवालीचा माल युरोपात आपोआप महाग होईल.

तो समज मला घाईचा वाटतो. या यंत्रणेत लोखंड-पोलादासाठी सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजले जाते. विजेसाठी जळलेल्या कोळशाचे उत्सर्जन धरले जात नाही. एनपीआयची विद्युतभट्टी तर प्रचंड वीज खाते, आणि तिथली ती वीज बहुतांशी कारखान्याच्या स्वतःच्या कोळसा केंद्रांतून येते. जिथे सर्वाधिक धूर आहे तीच चिमणी हिशोबाबाहेर राहिली आहे. फेरोनिकेल आणि फेरोक्रोम यांचे थेट उत्सर्जन पूर्वघटक म्हणून धरले जाते, हे खरे, पण त्याने अर्धीच उणीव भरते.

भंगाराविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. "स्टेनलेस शंभर टक्के पुनर्वापरयोग्य आहे, मग सगळे भंगारातूनच का बनवत नाही" असे विचारले जाते. आज परत येणारे भंगार हे पंधरा, वीस, तीस वर्षांपूर्वी बनलेल्या मालाचे आहे. २००० साली जगाचे उत्पादन दोन कोटी टनांच्याही खाली होते. आज ते सहा कोटींच्या वर आहे. जुना माल शेवटच्या तुकड्यापर्यंत गोळा केला तरी आजची भूक भागणार नाही. त्यात हा धातू टिकतोही फार. मेक्सिकोतील प्रोग्रेसो येथील धक्क्यात १९४० च्या आसपास घातलेल्या स्टेनलेस सळ्या अजून समुद्रात उभ्या आहेत. अभियंत्याच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे; भंगारवाल्याच्या दृष्टीने तो माल अजून आलाच नाही.

लोहमार्गी

विजेचे उत्सर्जन वगळले जाते हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

आता वापराच्या बाजूने थोडे लिहितो. सर्वाधिक माल, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, भांडी, उपकरणे आणि इतर धातूच्या वस्तूंत जातो. त्यानंतर यंत्रसामग्री, मग बांधकाम आणि वाहने. वाहनांचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच आहे, पण बदल तिथेच होत आहे. उत्प्रेरक परिवर्तक (धुरातील विषारी वायू कमी करणारे साधन) सक्तीचे झाल्यापासून गाडीची धूरनळी ४०९ सारख्या निकेलविरहित, अकरा टक्के क्रोमियमच्या प्रतीतून बनू लागली. विजेवरील गाडीला धूरनळीच नसते. त्यामुळे ४०० मालिकेतील (४०९ सारख्या, ४ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या) या प्रतींचा एक मोठा आणि स्थिर ग्राहक हळूहळू कमी होत जाणार, असे मला वाटते.

गंमत अशी की तीच गाडी बॅटरीसाठी निकेल मागते. जगातील निकेलपैकी सुमारे दोन तृतीयांश अजूनही स्टेनलेसमध्ये जाते. मार्च २०२१ मध्ये त्सिंगशानने एनपीआयचे मॅटमध्ये (गंधकयुक्त, अधिक निकेलच्या मध्यवर्ती मालात) रूपांतर करून ते बॅटरी उद्योगाला देण्याचे जाहीर केले, तेव्हा स्टेनलेसचे निकेल आणि बॅटरीचे निकेल यांच्यातली भिंत खाली आली.

आकडेमोड

ती भिंत खाली आल्यावर वर्षभरातच काय घडले तेही सांगतो. लंडन मेटल एक्स्चेंज या धातूंच्या वायदेबाजाराचा निकेल करार ९९.८ टक्के शुद्ध धातूसाठी आहे. एनपीआय बनवणाऱ्याला आपल्या मालाचे भाव-संरक्षण करायचे असेल तर त्याला याच करारात विक्रीची बाजू घ्यावी लागे, परंतु वेळ आली तर आपला माल तिथे सुपूर्द करता येत नसे. त्सिंगशानची अशीच मोठी विक्री उभी असताना ८ मार्च २०२२ रोजी भाव काही तासांत टनामागे १,००,००० डॉलरच्या पलीकडे गेला. आदल्या दिवशी तो ४८,००० च्या आसपास बंद झाला होता. एक्स्चेंजने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशी झालेले सौदे रद्द केले.

युरोपात स्टेनलेसची किंमत मूळ दर अधिक मिश्रधातू अधिभार अशी ठरवण्याची पद्धत आहे, आणि तो अधिभार एक्स्चेंजच्या निकेल भावाशी बांधलेला असतो. जगातील बराच माल ज्या निकेलातून बनतच नाही, त्याच्या भावावर अधिभार ठरावा, ही विसंगती त्या मार्चमध्ये सर्वांना दिसली.

नवशिका

२०० मालिकेबद्दल कोणीच लिहिले नाही. निकेल इतके महाग पडते तर ते टाळता येत नाही का?

गजवेल

टाळता येते, अंशतः. ऑस्टेनाइट ही स्फटिकरचना टिकवण्याचे निकेलचे काम मँगनीज आणि नायट्रोजन यांच्याकडून करून घेता येते. २०१ प्रतीत निकेल साडेतीन ते साडेपाच टक्के आणि मँगनीज साडेपाच ते साडेसात टक्के असते. २००७ च्या निकेल तेजीने या मालिकेला मोठा जोर मिळाला, आणि आज जगातील उत्पादनाचा सुमारे पाचवा भाग हिचा आहे. ३०० मालिका निम्म्याहून अधिक, ४०० मालिका बहुतेक उरलेले, आणि ड्युप्लेक्स (दोन स्फटिकरचना एकत्र असलेल्या प्रती) जेमतेम एक टक्का.

पण फुकट काही मिळत नाही. ऑस्टेनाइट टिकवणारे घटक कमी केले की क्रोमियमही कमी करावे लागते, नाहीतर रचनेचा तोल बिघडतो. म्हणून एक टक्क्याच्या आसपास निकेल असलेल्या स्वस्त प्रतींत क्रोमियम पंधरा टक्क्यांपर्यंत उतरलेले आढळते, आणि गंज रोखण्याचे काम तर क्रोमियमच करते. कोरड्या, घरातल्या वापराला अशी प्रत पुरते. क्षार आणि दमट हवा असेल तिथे ती ३०४ म्हणून विकली गेली की फसवणूक होते. चुंबक लावून हा फरक कळत नाही, कारण दोन्ही प्रती मूळ अवस्थेत चुंबकाला चिकटत नाहीत.

भंगारशोधक

आणि भंगाराच्या ढिगात नेमके हेच दुखणे होते. चुंबकाने ४०० मालिका वेगळी निघते. ३०४ आणि २०१ एकत्र राहतात. हातात धरायच्या क्ष-किरण विश्लेषकाने तुकडा-तुकडा तपासला तरच ते सुटतात, आणि बारीक मालात तेवढा वेळ कोणी देत नाही. मिसळलेला ढीग भट्टीत गेला की ३०४ बनवणाऱ्याला नको असलेले मँगनीज आणि बऱ्याचदा तांबेही त्यात उतरते. मँगनीज थोडेफार मळीत घालवता येते; तांबे मात्र तसेच राहते. २००७ नंतर बनलेला २०० मालिकेचा तो सगळा माल आता कुठे भंगारात येऊ लागला आहे, त्यामुळे मिश्र ढिगाच्या भावातली कपात येत्या काळात वाढत जाईल असा माझा अंदाज आहे.